दहा-अकरा वर्षे कपाटात पडलेला कॅमेरा पुन्हा हाती घ्यायचा आहे; बेळगाव परिसरात सुरुवात कोठून करावी?

प्रश्न (शहापूर, बेळगाव)

सर्वांस नमस्कार.

मी बेळगावच्या शहापूर भागात राहते, एका पतसंस्थेत नोकरी करते आणि येत्या मार्चमध्ये मला एक्कावन्न वर्षे पूर्ण होतील. २०१० साली मी पगारातून साठवलेल्या पैशांतून निकॉन डी-९० कॅमेरा आणि ७०-३०० मिलिमीटरची व्हीआर (हाताचा कंप सावरणारी) लेन्स घेतली होती. त्यानंतरची चार वर्षे मी सहसा रविवार चुकवला नाही. राकसकोपचा परिसर, जांबोटी-कणकुंबीचा रस्ता, हलशीची कदंबकालीन देवळे, सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगरावरची पौर्णिमेची गर्दी हे सर्व त्या कॅमेऱ्याने पाहिले आहे. २०१४ च्या पावसाळ्यात तो कपाटात गेला आणि यंदा दिवाळीच्या साफसफाईत बाहेर आला. पिशवी उघडल्यावर कुबट वास आला, कॅमेऱ्याच्या मुठीवरचे रबर सुटून हातात आले, बॅटरी चार्ज होत नाही आणि लेन्समध्ये उजेडाकडे धरून पाहिल्यास कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसतात.

छंद का सुटला, असे कोणी विचारल्यास मी आजवर सासूबाईंचे आजारपण हे कारण सांगत आले. ते खोटे नाही, परंतु ते पुरेसेही नाही. त्या वर्षी जून महिन्यात मी एका गटाबरोबर खानापूर तालुक्यातील जंगलात गेले होते. तेथे स्वर्गीय नर्तकाचे घरटे होते आणि ते पानांआड असल्यामुळे नीट दिसत नव्हते. आम्हाला घेऊन गेलेल्या माणसाने कोयत्याने समोरच्या दोन फांद्या छाटल्या. आमच्यापैकी कोणीही, अगदी मीही, त्याला थांबवले नाही. लांब पांढऱ्या शेपटीचा नर पिलांना भरवतानाचे छायाचित्र मला मिळाले आणि त्याचे पुष्कळ कौतुकही झाले. आठ दिवसांनी आम्ही पुन्हा गेलो, तेव्हा घरटे रिकामे होते आणि फांद्या छाटल्यामुळे त्याच्यावर थेट ऊन पडत होते. पिले उडून जाण्याइतकी मोठी झालेली नव्हती, हे माझ्याच छायाचित्रावरून मला कळत होते. त्यानंतर कॅमेरा हातात घेतला की मला त्या फांद्यांचे पांढरे, ओले छेद दिसत.

आता पुन्हा सुरुवात करावी असे मनापासून वाटते. हे जुने साहित्य दुरुस्त करून घ्यावे की नवे घ्यावे? माझ्याकडे फक्त रविवार आणि एक दुचाकी आहे, तर जावे कोठे? आणि जे माझ्याकडून घडले ते पुन्हा घडू नये, यासाठी अनुभवी मंडळी स्वतःला कोणते नियम घालून घेतात? सविस्तर लिहिल्यास उपकार होतील.

उत्तर १ (निपाणी)

ताई, नमस्कार. मी गेली तीस वर्षे निपाणीत स्टुडिओ चालवतो, त्यामुळे आपल्या पहिल्या प्रश्नाविषयी अधिकाराने लिहू शकतो. आपल्या भागात जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते, की बंद पिशवीत आणि कपाटात ठेवलेल्या लेन्सला बुरशी लागणे ही जवळजवळ ठरलेली गोष्ट आहे. बुरशीला अंधार, दमटपणा आणि साचलेली हवा लागते, आणि कॅमेऱ्याची फोम लावलेली पिशवी तिला तिन्ही गोष्टी पुरवते.

तथापि, लगेच निराश होऊ नये. प्रथम लेन्स कॅमेऱ्यावरून उतरवा, खोलीत अंधार करा आणि मागच्या बाजूने टॉर्चचा प्रकाश तिरपा सोडून पुढून पाहा. एक काळजी घ्या. आपल्या लेन्सला छिद्राची (अ‍ॅपर्चरची, म्हणजे प्रकाशाची वाट लहान-मोठी करणारी) कडी नाही, त्यामुळे ती कॅमेऱ्यावरून काढली की आतले छिद्र आपोआप मिटते आणि मधले भिंग दिसत नाही. बसवण्याच्या कड्याजवळ धातूची एक लहान पट्टी असते, ती बोटाने हलकेच सरकवून धरली की छिद्र उघडते आणि आरपार दिसते. धागे फक्त कडेला आणि विरळ असतील, तर छायाचित्रात फरक पडतो तो मुख्यतः प्रकाशाच्या विरुद्ध दिशेने घेतलेल्या चौकटींत. तेथे धूसरपणा येतो आणि काळा रंग राखाडी दिसू लागतो. धागे दाट असतील आणि मध्यापर्यंत पोहोचले असतील, तर बुरशीतून स्रवणाऱ्या आम्लाने भिंगावरचा लेप खाल्ला जाण्याची शक्यता असते, आणि एकदा लेप गेला की साफसफाईने तो परत येत नाही. जाणकार दुरुस्ती करणाऱ्याकडे लेन्स उघडून घ्या, परंतु तो सांगेल तो खर्च आधी याच लेन्सच्या जुन्या बाजारातील किमतीशी ताडून पाहा. निम्म्याहून अधिक होत असेल, तर दुरुस्ती करू नये असे माझे मत आहे. घरी स्वतः लेन्स खोलण्याचा प्रयत्न मात्र कृपया करू नका, आणि ही लेन्स दुसऱ्या चांगल्या लेन्सशेजारी ठेवू नका.

कॅमेऱ्याविषयी म्हणाल तर डी-९० हा २००८ सालचा, १२.३ मेगापिक्सेलचा कॅमेरा आहे. भिंतीवर लावण्याच्या मोठ्या छापील चित्रालाही तेवढे पुरतात. त्याचे शटर एक लाख चौकटींच्या कसोटीवर उतरलेले आहे, आणि चार वर्षांच्या रविवारांत आपण त्याच्या जवळपासही गेला नसाल. जुनी बॅटरी फुगलेली असेल तर ती चार्ज करण्याचा आग्रह धरू नका, नवी घ्या. नवी बसवल्यावर पडद्यावर घड्याळाची खूण लुकलुकेल, कारण आतील घड्याळाची लहान बॅटरीही या काळात उतरलेली असणार. तारीख-वेळ तेव्हाच लावा. कोणता पक्षी कोणत्या दिवशी दिसला, ही नोंद पुढे छायाचित्राइतकीच मोलाची ठरते. सेन्सरवरची धूळ पाहण्यासाठी एफ/२२ वर (म्हणजे छिद्र अगदी लहान ठेवून) स्वच्छ आकाशाचे किंवा पांढऱ्या भिंतीचे एक छायाचित्र घ्या, डाग लगेच दिसतील. मुठीचे रबर हा या पिढीतील कॅमेऱ्यांचा नेहमीचा दोष आहे. ते बदलून मिळते आणि त्याने छायाचित्रात काही बिघडत नाही.

यापुढे पिशवी फक्त प्रवासात वापरा. घरी घट्ट झाकणाचा, धान्य साठवण्यासाठी वापरतो तसला प्लास्टिकचा डबा घ्या, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रता दाखवणारे लहान यंत्र ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहिला पाहिजे. निळे दाणे गुलाबी झाले की जाड तव्यावर मंद आचेवर सुकवून पुन्हा वापरता येतात, मात्र तो तवा पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नये. पावसाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा तरी कॅमेरा बाहेर काढून दहा-वीस छायाचित्रे घ्यावीत, कारण वापरात असलेल्या लेन्सला बुरशी क्वचितच लागते.

उत्तर २ (खानापूर तालुका)

ताई, आपण जे घडले ते लपवले नाही, याबद्दल प्रथम आपले आभार मानतो. मी जांबोटीच्या बाजूचा शेतकरी आहे आणि पक्षी पाहण्याचा नाद मला लहानपणापासून आहे. छाटलेल्या फांद्या मीही अनेकदा पाहिल्या आहेत, आणि त्या पाहताना प्रत्येक वेळी जिवाला लागते. स्वर्गीय नर्तकाचे घरटे लहान वाटीसारखे, उघडे असते. त्याला संरक्षण असते ते फक्त भोवतालच्या पानांचे. ती पाने गेली की उन्हाने पिले तडफडतात आणि कावळ्याला, शिक्र्याला घरटे लांबूनच दिसते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात रानपक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देणेही येते, हे आपल्या छायाचित्रकारांपैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. माझा नियम सरळ आहे: घरट्याचे छायाचित्र मी घेतच नाही, आणि घरटे कोठे आहे हे कोणालाही सांगत नाही. धनेशाच्या बाबतीत तर हे अधिकच कसोशीने पाळावे लागते. धनेशाची मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि फटीतून चोच बाहेर काढून नराने आणलेल्या फळांवर जगते. झाडाखाली माणसे उभी राहिली, की नर फळ चोचीत धरून लांबच्या फांदीवर ताटकळत बसतो आणि तेवढा वेळ आत मादी व पिले उपाशी राहतात. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला समोर आणणे हाही त्याच जातीचा प्रकार आहे. आपल्या हद्दीत दुसरा नर आला असे समजून तो खाणेपिणे सोडून धावत येतो.

आता कोठे जावे, याविषयी. आपण लगेच जांबोटीला किंवा दांडेलीला येऊ नये, असे मी जंगलाच्या कडेला राहत असूनही आग्रहाने सांगेन. निदान तीन महिने शहरातील एकच जागा धरा. किल्ल्याचा तलाव किंवा टिळकवाडीतील व्हॅक्सिन डेपोची झाडी, यांपैकी जे घराजवळ पडेल ते. एकाच जागी दर रविवारी गेल्याने, कोणता खंड्या कोणत्या दगडावर बसतो, ऊन कोणत्या वेळी पाण्याच्या कोणत्या बाजूला येते, भोरड्या कोणत्या आठवड्यात आल्या, हे आपोआप कळू लागते. आपल्याला लांब लेन्स नाही, याची खंत करू नका. ३०० मिलिमीटरची लेन्स आपल्या कॅमेऱ्यावर ४५० मिलिमीटरच्या लेन्सइतके जवळचे दाखवते, कारण त्याचा सेन्सर लहान आहे. राहिलेले अंतर बसून राहिल्याने कमी होते. उभा माणूस पाहून उडणारा पक्षी, तोच माणूस अर्धा तास जमिनीवर बसून राहिला तर दहा-बारा पावलांवर येऊन चरू लागतो. शिवाय जमिनीलगत बसल्याने छायाचित्र पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीवरून मिळते आणि मागचे गवत मऊ, पुसट होते.

ट्रायपॉड विकत घेण्याची घाई करू नका. जुन्या जीनच्या पायाची एक वीतभर रुंद पिशवी शिवून तीत दोन किलो तूर भरा. दगडावर, बांधावर किंवा दुचाकीच्या सीटवर ती ठेवून लेन्स टेकवली की हात हलत नाही. स्थिर बसलेल्या पक्ष्यासाठी १/५०० सेकंद आणि उडणाऱ्यासाठी १/१६०० सेकंदाच्या आसपासचा वेग ठेवा. पहाटेच्या उजेडात त्यासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) ८०० पर्यंत न्यावा लागला तर खुशाल न्या. दाणेदार पण स्पष्ट छायाचित्र पाहता येते, हललेले पाहता येत नाही.

तीन महिन्यांनंतर पूर्वेकडे, बैलहोंगल-सौंदत्तीच्या काळ्या रानांत जा. हिवाळ्यात ज्वारीच्या शेतांकडेच्या तारांवर नीलपंख बसलेला असतो. तो कर्नाटकाचा राज्यपक्षी. आणि महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल आमच्याकडे, खानापूरच्या वडा-पिंपळांना फळे लागली की थव्याने उतरतो. दोन्ही एकाच जिल्ह्यात पाहायला मिळावेत, हे आपल्या सीमाभागाचे भाग्य आहे.

भीमगडविषयी आपण विचारले नाही, परंतु कधीतरी मन होईलच, म्हणून लिहितो. २०११ साली त्या सुमारे १९० चौरस किलोमीटर जंगलाला अभयारण्याचा दर्जा मिळाला. तेथे वनखात्याच्या परवानगीवाचून पाऊल टाकू नये. त्यातील बारापेडे गुहांमध्ये रॉटनचे वटवाघूळ राहते. १९१३ साली त्या जातीचे शास्त्रीय वर्णन झाले आणि त्यानंतर कित्येक दशके जगात या एकाच ठिकाणी ते ठाऊक होते. त्या गुहांत प्रकाश किंवा फ्लॅश नेण्याचा विचारही मनात आणू नये. जांबोटी-कणकुंबी रस्त्यावर पहाटे आणि संध्याकाळनंतर गवे आणि अस्वले येतात. दुचाकीवर एकटीने त्या वेळी थांबू नये, ही वडीलकीची विनंती समजावी.

उत्तर ३ (हिंदवाडी, बेळगाव)

वरील दोघांचा मान राखून थोडे वेगळे मत मांडते. दुरुस्तीचा खर्च हा एक भाग झाला, दुसरा भाग वजनाचा आहे. डी-९० आणि ती लेन्स मिळून सुमारे दीड किलो भरते. माझे वय चोपन्न आहे आणि मनगटाच्या दुखण्यामुळे माझा छंद दोन वेळा सुटला. शेवटी मी न बदलणाऱ्या, लांब झूमच्या भिंगाचा एक हलका जुना कॅमेरा घेतला आणि तेव्हापासून खंड पडलेला नाही. पहाटेच्या कमी उजेडात तो कमी पडतो, हे मान्य आहे. तरीही ताईंनी आधी पाच-सहा रविवार जुन्या कॅमेऱ्यावर काढावेत, हात दुखतात का ते पाहावे, आणि मगच पैसे खर्च करावेत.

त्यांनी हलशीचा आणि सौंदत्तीचा उल्लेख केला आहे, म्हणून आणखी एक गोष्ट सुचवावीशी वाटते. भर दुपारी पक्षी झाडीत जातात, तेव्हा कॅमेरा बंद करण्याऐवजी माणसांकडे वळवावा. वडगाव-शहापूरचे हातमाग आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. ताई तर तेथेच राहतात. खिडकीतून येणाऱ्या तिरप्या उजेडात ताणा जोडणाऱ्या बोटांची छायाचित्रे घेण्यासाठी घरापासून दोन गल्ल्यांपलीकडे जावे लागणार नाही. माघात चिंचलीच्या मायाक्कादेवीच्या यात्रेला पलीकडच्या कोल्हापूर-सांगलीकडून बैलगाड्या येतात. मुक्कामाच्या रानात पहाटे चुली पेटलेल्या असतात, त्या वेळी तेथे असावे. मात्र पक्ष्यांना जो नियम तोच माणसांना. आधी कॅमेरा खाली ठेवून बोलावे आणि मग विचारावे. मराठी न समजणाऱ्यांना मी कन्नडमध्ये "फोटो तेगीबहुदेन्री?" (फोटो काढू का?) एवढेच विचारते. त्या एका वाक्याने समोरच्याचा चेहरा सैल होतो. कोणी नको म्हटले तर त्यांच्याजवळ बसून चहा घ्यावा आणि निघावे.

उत्तर ४ (गोकाक)

दुचाकीचा प्रवास टाळून एक दिवसाची सहल हवी असल्यास घटप्रभेला यावे. मिरज-बेळगाव मार्गावर घटप्रभा स्थानक आहे आणि धूपदाळचा बंधारा तेथून जवळ आहे. सुमारे ३० चौरस किलोमीटरचे घटप्रभा पक्षी अभयारण्य याच पाण्यावर आहे, आणि हिवाळ्यात तेथे डेमॉइसेल क्रेन आणि पांढरे करकोचे येतात. हे पक्षी बिचकतात, म्हणून पाण्याजवळ न जाता काठच्या झाडाआड बसावे. त्यांचा थवा पाणी आणि आकाश यांच्यासह लहान दिसला तरी ते छायाचित्र चांगलेच होते. सर्व चौकट पक्ष्याने भरली पाहिजे, हा हट्ट सोडावा.

गोकाकच्या सुमारे ५२ मीटर उंचीच्या धबधब्याला मात्र ऑगस्टमध्ये यावे, हिवाळ्यात तेथे कातळच अधिक दिसतो. पाणी रेशमासारखे उतरवायचे असल्यास ढगाळ दिवशी अर्ध्या सेकंदाचा वेग ठेवावा आणि कॅमेरा पक्का टेकवावा. झुलत्या पुलावरून असे छायाचित्र घेता येत नाही, कारण पूल पावलागणिक हलतो. लेन्सवरचे तुषार पुसायला दोन सुती रुमाल हवेत, एक पुरत नाही.

मूळ प्रश्नकर्तीकडून

सर्वांना मनापासून धन्यवाद. तीन आठवड्यांनी लिहीत आहे, कारण काहीतरी करून मगच उत्तर द्यावे असे ठरवले होते.

निपाणीच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे पट्टी सरकवून टॉर्चने पाहिले. धागे एका बाजूला कडेपुरते आहेत, मधले भिंग स्वच्छ आहे. दुरुस्तीचा सांगितलेला खर्च जुन्या लेन्सच्या किमतीच्या एक-तृतीयांश निघाला, म्हणून ती साफ करायला दिली आहे. तोवर कॅमेऱ्याबरोबर आलेली लहान लेन्स लावून वडगावात दोन रविवार दुपारी गेले. ऐंशीच्या घरातील एका आजींनी मला मागाजवळ बसू दिले, परंतु चेहरा नको म्हणाल्या, म्हणून माझ्याकडे फक्त त्यांचे हात आहेत. उजव्या अंगठ्याच्या पेरावर धाग्याने पडलेली खाच त्यांत दिसते.

गेल्या रविवारी एका मैत्रिणीची तशीच लेन्स मागून घेऊन सकाळी पावणेसात वाजता किल्ल्याच्या तलावावर जाऊन बसले. तुरीची पिशवी बरोबर होती. पहिला अर्धा तास काहीच जवळ आले नाही, आणि खरे सांगायचे तर मला ते बरेच वाटले. नंतर एक वंचक (लहान बगळा) काठच्या चिखलात येऊन उभा राहिला. मातकट पाठ, पिवळी चोच, मान खांद्यांत ओढलेली. वीस मिनिटे त्याने फक्त एक पाय उचलला आणि ठेवला. मी १/६४० सेकंदावर सात छायाचित्रे घेतली. त्याने मासा पकडला तेव्हा माझे बोट बटणावरच नव्हते, मी नुसती पाहत होते. उडताना त्याचे पंख एकदम पांढरेशुभ्र उघडले, तेही चुकले. फाटकातून आत आलेली मुले आवाज करीत काठाकडे धावली म्हणून तो उडाला होता, माझ्यामुळे नव्हे. घरी येईपर्यंत मी तेच मनात घोळवत होते.

खानापूरच्या दादांना एक विचारायचे आहे. त्याच तलावावर दगडाच्या फटीत एका खंड्याची वारंवार ये-जा दिसते. या दिवसांत तेथे घरटे असू शकते का? तसे असेल, तर पुढच्या रविवारी मी समोरच्या काठावर बसेन.